ओढ्याकाठचे बावीस मीटर

नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले, आणि पहिलंच वाक्य सुनेवर होतं.

"हिला महापालिकेत नोकरी धरू दिली कुणी?" थोरल्यांनी विचारलं.

"तुझ्याच पोराने," धाकटे म्हणाले. "आणि तू गल्लीभर कौतुक सांगत फिरलास."

आत्याचा कप ओठांपाशी गेला होता, तो तिथेच थांबला. ती दोघांची बहीण. वयाने मधली, आणि बसायची खुर्चीही मधली. गेल्या नऊ वर्षांत या भावांचं एकूण एक वाक्य त्या खुर्चीवरून गेलं होतं. दोघे चार हातांवर समोरासमोर बसलेले असायचे, तरी थोरले म्हणायचे, "त्याला सांग, पाण्याची मोटर बंद कर." आत्या मान वळवून म्हणायची, "दादा म्हणतोय मोटर बंद कर." धाकटे म्हणायचे, "त्याला सांग, मोटर त्यानेच लावलीय." आत्या पुन्हा मान वळवायची. मानेचा पट्टा तिला डॉक्टरांनी उगाच दिला नव्हता.

आज मात्र तिला वगळून प्रश्न गेला आणि वगळूनच उत्तर आलं. आत्याने कप हळूच खाली ठेवला.

हे सगळं सून दाराशी उभी राहून पाहत होती. तिच्या काखेत नकाशाची गुंडाळी होती. नवरा परगावी होता. घरात वादळ येणार असलं की परगावी काम निघण्याचं कसब त्याला उपजतच होतं. सून महापालिकेच्या नगर नियोजन विभागात होती आणि गेली तीन वर्षं शहराच्या हरितमार्गांवर काम करत होती. ओढ्याचा काठ, बंद पडलेल्या रेल्वेचा बांध, कालव्याची कड, असे तुकडे जोडून अठ्ठावीस किलोमीटर वाट करायची, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. गाडीला तिथे मज्जाव. त्यासाठी तिने उन्हापावसात उभं राहून माणसं मोजली होती. लोक कुठून जातात ते गवताला आधी कळतं, असं तिचं म्हणणं होतं, आणि शहरातलं तुडवलेलं गवत तिला तोंडपाठ होतं.

अठ्ठावीस किलोमीटर जुळत आले होते. अडलं होतं ते बावीस मीटरवर. हे बावीस मीटर तिच्याच सासरच्या परसदारी होते.

"बाबा, काका, एकदा नकाशा तरी बघा," तिने टेबलावर गुंडाळी उलगडली. एका कोपऱ्यावर बशी ठेवली, दुसऱ्यावर चष्म्याची डबी. "ही आपली भिंत. आपली जमीन इथे संपते. भिंतीच्या पलीकडे ओढ्यापर्यंत जो पट्टा आहे तो महापालिकेचा आहे. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" थोरल्यांनी विचारलं.

"तुमच्या जन्माच्या आधीपासून."

"मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

या प्रश्नाचं उत्तर सुनेला ठाऊक होतं. पण ते तिने दिलं नाही.

भांडणाचं मूळ हाच पट्टा होता. थोरल्यांनी तीस वर्षं मोटार शिकवायची शाळा चालवली. शाळा बंद झाली तेव्हा शिकवणीची गाडी त्यांनी विकली नाही; परसदारच्या भिंतीपलीकडे नेऊन विटांवर चढवली. अर्धं शहर त्या गाडीत क्लच सोडायला शिकलं होतं. धाकटे कवळ्या बनवत. त्यांनी त्याच पट्ट्यावर पत्र्याची शेड ठोकली आणि तिच्यात दातांचे साचे रचून ठेवले. गाडीचं तोंड शेडच्या दिशेने चार फूट पुढे होतं की शेडची भिंत गाडीच्या दिशेने चार फूट पुढे होती, यावर नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी वाद झाला. त्याच दुपारी घराच्या मागच्या दाराला दोघांनी आपापलं कुलूप घातलं. ज्या चार फुटांसाठी हे झालं ते दोघांपैकी कुणाचेच नव्हते, ही बातमी घरात आठ दिवसांपूर्वी नोटिशीने आली. त्या दिवशी नोटीस हातात घेऊन दोघे भाऊ न बोलता, पण एकाच वेळी अंगणात उतरले होते.

"उद्या अकराला सुनावणी," धाकटे म्हणाले. "हरकत द्यायची. एकत्र."

"एकत्रच," थोरले म्हणाले. "एकट्याची हरकत म्हणजे पोकळ हॉर्न."

"तुमची हरकत आली तर काय होईल सांगू?" सून म्हणाली. "हे माझं सासर आहे हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलंय. म्हणून या तुकड्याचा निर्णय माझ्याकडे नाही, आमच्या विभागप्रमुख बाईंकडे आहे. बाई काल म्हणाल्या, नियोजकाच्या स्वतःच्या घरची हरकत असेल तर मी वाट पंपघराकडून वळवणार. तिथून हमरस्ता. ट्रकचा. ओढ्याच्या वाटेने शाळेत जाणारी साडेचारशे पोरं त्या रस्त्यावर येणार. आणि आपल्या पुढची बारा घरं वाट बघतायत. हिच्याच घरचे ऐकत नाहीत, मग आम्ही का ऐकायचं, असं म्हणायला."

ट्रक हा शब्द निघाला तेव्हा थोरल्यांचा उजवा पाय फरशीत रुतला. शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबायची ही सवय शाळेबरोबर गेली नव्हती. आयुष्यात काहीही अंगावर येताना दिसलं की पाय दाबला जायचा. धाकटे सुनेच्या दातांकडे बघत होते. ते सगळ्यांच्याच दातांकडे बघत. त्यामुळे त्यांच्याशी खोटं बोलणारे तोंड कमी उघडायचे.

"हिची वरची सुळ्याची बाजू जरा पुढे आहे," ते भावाला म्हणाले. "ही हट्टी निघणार हे मी साखरपुड्यातच सांगितलं होतं."

"तू मला कसं सांगितलंस? आपण बोलत नव्हतो."

"ताईमार्फत."

"मला नाही पोचलं."

दोघांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "सगळंच पोचवायचं नसतं. मी माणूस आहे, टपालपेटी नाही."

"असू दे, असू दे," थोरले म्हणाले. "आता आमचं आम्ही बोलतोय. तू मधे पडू नकोस. फक्त हरकत लिहून दे, तुझं अक्षर चांगलं आहे."

सुनेने आत्याचा चेहरा पाहिला. नऊ वर्षांची जागा गेली होती, आणि ती गेल्याचं सांगणाऱ्याने वर कागद पुढे केला होता. आत्याने मानेचा पट्टा सैल केला, पेन उघडलं आणि शांतपणे विचारलं, "काय लिहू?"

थोरल्यांनी सांगायला सुरुवात केली, धाकट्यांनी वाक्यं जोडली. दोघांची गाडी एकाच वेगाने चालली होती. एकाचा शब्द संपायच्या आत दुसऱ्याचा लागत होता. काकू, म्हणजे धाकट्यांची बायको, दाराआडून ऐकत होती. तिला हे दृश्य इतकं नवीन होतं की ती गॅस बंद करायला विसरली.

"आम्ही दोघे बंधू," थोरले म्हणाले.

"सदर पट्ट्याचा गेली चाळीस वर्षे वापर करीत असून," धाकटे म्हणाले.

"निर्वेध वापर. निर्वेध लिही."

"आणि त्याबाबत आजवर कोणाचीही तक्रार नाही."

आत्याचं पेन थांबलं. "हे लिहू?"

"लिही."

"कोणाचीही तक्रार नाही, असं?"

"अगं लिही ना!" दोघे एका सुरात म्हणाले. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. थोरल्यांचा उजवा पाय फरशीत रुतला, अगदी टाचेपर्यंत, आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. धाकट्यांनी ओठ घट्ट मिटले आणि नकाशावरच्या बशीत डोकावले.

आत्याने लिहिलं. सून टेबलावर वाकून कागदाकडे पाहत होती. तिने 'र' पाहिला. शेपूट खाली ओढून आत वळवलेला, गळासारखा. परवा कार्यालयात या भूखंडाची जुनी फाइल चाळताना तळाशी दोन अर्ज सापडले होते, नऊ वर्षांपूर्वीचे. दोन्ही अर्जांत हाच 'र' होता.

पहिला अर्ज धाकट्यांच्या सहीचा. माझ्या ज्येष्ठ बंधूंनी सार्वजनिक पट्ट्यावर नादुरुस्त मोटार उभी करून अतिक्रमण केले आहे, तरी महापालिकेने पट्टा ताब्यात घेऊन तेथून नागरिकांना जाण्यायेण्यास वाट करून द्यावी. दुसरा थोरल्यांच्या सहीचा, तीन दिवसांनंतरचा. ज्येष्ठच्या जागी कनिष्ठ, मोटारच्या जागी पत्र्याची शेड. बाकी शब्द न शब्द तोच. दोन्हींवर कुणा साहेबाचा शेरा होता, 'पाहणी करून अहवाल द्यावा'. पाहणी झाली नव्हती. अर्ज मात्र जपून ठेवले होते.

भावांनी एकमेकांविरुद्ध अर्ज केले हे सुनेला परवाच कळलं होतं. ते लिहिले कुणी, हे आत्ता कळलं.

आत्या उठली. "पाणी पिऊन येते," म्हणाली. सून तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेली. काकू आधीच तिथे होती, जळलेल्या भांड्यापाशी.

"आत्या," सून हलक्या आवाजात म्हणाली, "सुनावणीत हरकत आली की त्या भूखंडाची फाइल मोठ्याने वाचतात."

"सगळी?"

"तळापासून."

"किती माणसं असतात?"

"साठ खुर्च्या मांडायला सांगितल्यात."

आत्याने ग्लासात पाणी ओतलं आणि प्यायली नाही. काकू दोघींकडे आळीपाळीने बघत होती. "काय आहे फाइलमध्ये?"

"तुझ्या नवऱ्याची अक्कल," आत्या म्हणाली. "आणि माझ्या दादाची. दोन प्रतींत."

 खरं तर सुनेला काहीच करायची गरज नव्हती. आज तिने तोंड बंद ठेवलं तर उद्या लिपिक दोन्ही अर्ज वाचेल, 'कोणाचीही तक्रार नाही' या वाक्यावर सभागृह हसेल, हरकतच खोटी ठरल्यावर बाई वाट न वळवता ती फेटाळतील आणि बावीस मीटर मिळतील. कायद्याने, नियमाने, तिचा हातही न लागता. टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत हे गणित तिने मनात मांडलं होतं आणि ते दर वेळी बरोबर येत होतं. पण बाहेरच्या खोलीतून आवाज येत होता. "अरे, आठवतं का, तू पहिल्यांदा रिव्हर्स घेतलास तेव्हा?" "तू शिकवलंसच चुकीचं!" हसण्याचा आवाज आला. थोरल्यांना हसताना तिने लग्नापासून ऐकलं नव्हतं. साठ माणसांसमोर लिपिकाच्या तोंडून ते अर्ज ऐकल्यावर हे दोघे पुढची नऊ वर्षंच काय, सरणावरही एकमेकांकडे पाठ करून जातील.

"फाइल सार्वजनिक आहे," ती म्हणाली. "कुणीही अर्ज करून बघू शकतं. मी घरी काही सांगायला हरकत नाही, पण ते माझ्या तोंडून ऐकलं तर म्हणतील, सुनेने कागद उकरून काढले."

"आणि माझ्या तोंडून?"

"तुमच्या तोंडून त्यांनी नऊ वर्षं सगळंच ऐकलंय."

आत्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुझा सुळा खरंच पुढे आहे," ती म्हणाली आणि पाणी एका दमात प्यायली.

बाहेर सह्या करायला दोघे खुर्च्या जोडून बसले होते. आत्या मधल्या खुर्चीवर बसली नाही. टेबलाच्या टोकाशी उभी राहिली.

"सही करायच्या आधी वाचून दाखवते," ती म्हणाली. तिने हरकत वाचली. शेवटच्या वाक्यावर आली, 'आजवर कोणाचीही तक्रार नाही', आणि न थांबता, कागदावरून नजर काढून, पुढे म्हणत गेली. "माझ्या ज्येष्ठ बंधूंनी सार्वजनिक पट्ट्यावर नादुरुस्त मोटार उभी करून..."

धाकट्यांचं तोंड उघडं राहिलं. खालची दाढ किडली होती, कवळ्या बनवणाऱ्याची.

"बास," ते म्हणाले. "ताई, बास."

"हे काय आहे?" थोरल्यांनी विचारलं. "कसली मोटार? माझी मोटार? तू अर्ज केलास? माझ्याविरुद्ध? सख्ख्या भावाने?"

"थांब दादा, तुझा बाकी आहे. माझ्या कनिष्ठ बंधूंनी सार्वजनिक पट्ट्यावर पत्र्याची शेड उभारून..."

आता थोरल्यांचा पाय असा दाबला गेला की टेबल हललं आणि चष्म्याची डबी खाली पडली. नकाशाचा तो कोपरा आपोआप गुंडाळला गेला.

 मग धाकटे म्हणाले, "तू कधी केलास?"

"गुरुवारी. तू?"

"सोमवारी."

"म्हणजे सुरुवात तूच केलीस!"

"पण मी नुसतं नादुरुस्त म्हटलं. तू शेडला काय काय म्हणाला असशील!"

"काही नाही म्हणाला," आत्या म्हणाली. "दोन्हींचा मजकूर एकच आहे. एक जुळवलेला होता, दुसरा नव्याने कशाला जुळवायचा?"

यावर दोघांच्या माना एकाच वेळी तिच्याकडे वळल्या. आघाडी पुन्हा बदलली होती, हे सुनेच्या लक्षात आलं. आता दोघे एका बाजूला आणि बहीण दुसऱ्या.

"तू दोघांचे अर्ज लिहिलेस?" थोरले म्हणाले. "आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणालास, त्याला कळता कामा नये. तो म्हणाला, दादाला कळता कामा नये. मी दोघांचंही ऐकलं. निरोप महापालिकेला होता, महापालिकेला पोचवला."

"आपली बहीण म्हणजे अस्तनीतला निखारा!"

"निखारा कसला? पत्त्यासकट बिनचूक पोचलेत दोन्ही. उद्या साठ माणसांत वाचणार आहेत. विचार सुनेला."

दोघांनी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवली. "हरकत दिली तर वाचतात. संमती दिली तर फाइल उघडतच नाहीत. नाव घेतात आणि पुढचा क्रमांक."

धाकट्यांनी हरकतीचा कागद हळूच उपडा घातला.

"म्हणजे ही वाट," थोरले सावकाश म्हणाले, "आपणच मागितली होती?"

"नऊ वर्षांपूर्वी," सून म्हणाली. "लेखी. दोघांनी. अख्ख्या शहरात अशी मागणी करणारे तुम्ही पहिले."

"पण गाडी?" थोरले म्हणाले. "माझी गाडी कुठे जाईल?"

"आणि माझे साचे? चारशे माणसांचे दात आहेत त्यात!"

"त्यातली निम्मी माणसं वारली," काकू म्हणाली. ती कधी बाहेर आली ते कुणाला कळलं नव्हतं. हातात अजून ते जळलेलं भांडं होतं. काकू ओढ्यापलीकडच्या शाळेत ग्रंथपाल होती. "मला बोलू द्या. शाळा आपल्या मागच्या दारातून दिसते. दहा मिनिटं. तुम्ही दाराला कुलूपं घातलीत तेव्हापासून मी हमरस्त्याने जाते. चाळीस मिनिटं, ट्रकांच्या गर्दीतून. रोज. मेलेल्या माणसांच्या दातांना जागा आहे आणि मला पायाखाली वाट नाही होय?"

"मला कधी बोलली नाहीस," धाकटे म्हणाले.

"नऊ वर्षं बोलतेय. तुम्ही माझे दात बघत होतात."

 थोरल्यांनी बहिणीकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, मग भावाकडे. कुठूनही ओव्हरटेक करायला जागा नव्हती.

"आण तो संमतीचा कागद," ते म्हणाले.

सुनेकडे तो तयार होता. पण त्यावर एक रकाना रिकामा होता. "प्रत्यक्ष लांबी जागेवर मोजून लिहावी लागते. सहीआधी. दोघांसमक्ष."

"मग चला," थोरले म्हणाले. "उजेड आहे तोवर."

मागच्या दाराच्या दोन कुलपांना दोन किल्ल्या होत्या. एक धाकट्यांच्या कपाटात सापडली. दुसरी सापडली नाही; ते कुलूप थोरल्यांनी हातोडीने तोडलं आणि तोडताना वर म्हणाले की असली कुलूपं हल्ली मिळत नाहीत. बाहेर गवत कमरेपर्यंत आलं होतं. त्यातही एक बारीक तुडवलेली रेघ होती, गाडीला आणि शेडला वळसा घालून ओढ्याकडे जाणारी. कुणीतरी जात होतं तर. सुनेने ते पाहून घेतलं.

तिने मोजायच्या टेपचं कडं धाकट्यांच्या हातात दिलं आणि त्यांना शेडच्या पलीकडे हद्दीसाठी ठोकलेल्या खुंटाशी उभं केलं. डबा थोरल्यांच्या हातात दिला आणि त्यांना गाडीमागच्या खुंटाशी पाठवलं. टेप गाडीच्या टपावरून गेली, मग त्या चार फुटांवरून, मग शेडच्या पत्र्यावरून.

"दादा, तुझी बाजू वर घे!"

"तू आधी खुंटाला लाव! खुंट तिकडे आहे, तू इकडे उभा आहेस!"

"मी खुंटावरच आहे. तुझाच खुंट सरकलाय!"

"ताई," धाकटे ओरडले, "सांग त्याला..."

आत्या दारातल्या पायरीवर बसून मानेचा पट्टा घडी करत होती. "मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तूच सांग. समोर तर आहे."

"दोघांनी जरा सैल सोडा," सून म्हणाली. "इतकं ओढायचं नसतं."

कुणीही सैल सोडलं नाही. टेप वीणेच्या तारेसारखी ताठ झाली होती, वाऱ्याने गुणगुणत होती. सुनेने थोरल्यांच्या टोकाशी वाकून आकडा वाचला, एकवीस मीटर अठ्ठ्याण्णव, आणि संमतीपत्राच्या रकान्यात बावीस लिहिलं. खाली शेऱ्याच्या जागी तिने नियमाप्रमाणे नोंद केली: टेप दोन्ही बाजूंनी ओढलेली, दोन सेंटिमीटर ताणाचे धरून चालावे.